सण्माणणीय व्यासपीठ

मी खोटं बोलत नाही, वाढवून सांगतो. हा फरक मी आजवर बायकोला, सुपरवायझरला आणि एकदा ट्रॅफिक हवालदारालाही समजावून सांगितला आहे, आणि तिघांपैकी एकालाही तो पटलेला नाही. बजाजनगरातल्या आमच्या दोन खोल्या एवढ्या लहान होत्या की मी सकाळी आळस दिला की शेजाऱ्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडायचं, हे वाढवून सांगणं झालं. दुष्काळाच्या त्या वर्षांत आमच्या गल्लीत टँकर यायचा, त्या दिवशी कावळेसुद्धा चोचीत डबा धरून रांगेत उभे असायचे, हेही वाढवून. पण माझी मुलगी चौथीत असताना पावणेचार महिने माझ्याशी धड बोलली नाही, यात मी एक दिवससुद्धा पदरचा घातलेला नाही. घालायची गरजच पडली नाही.

आम्ही मूळचे फुलंब्रीकडचे, मेंढरांमागं फिरणारे. माझे वडील, म्हणजे आबा, दोनशे मेंढरांतलं प्रत्येक मेंढरू चेहऱ्यावरून ओळखायचे. माझ्या लग्नात मात्र त्यांनी दोनदा दुसऱ्याच नवरदेवाला मिठी मारली, असं मी सांगत असतो. मी दहावी झालो आणि वाळूजच्या एका कारखान्यात पत्रे दाबायच्या मशीनवर लागलो. आमचा सुपरवायझर शहरातल्या गुलमंडीकडच्या जुन्या, शिकलेल्या घरातला. त्याची भाषा इस्त्री करून घडी घातल्यासारखी. पहिल्याच आठवड्यात मी त्याला म्हणालो, साहेब, प्यायचं पानी संपलंय. तो म्हणाला, "पानी नव्हे हो, पाणी. कोन नव्हे, कोण." आजूबाजूचे सगळे हसले. मशीनसुद्धा हसल्यासारखं वाटलं.

त्या दिवशी मी एक शोध लावला. आमच्या गावाकडं ज्याला न म्हणतात, ते शुद्ध भाषेत ण असतं. पाणी, कोण, आणि, लोणी, कणीस, जिकडं बघावं तिकडं शोध खरा ठरत होता. जिकडं खरा ठरत नव्हता तिकडं मी बघितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी सुपरवायझरला "णमस्कार साहेब" म्हणू लागलो. त्यानं कधी दुरुस्त केलं नाही. त्याचा दिवस बहुतेक त्या णमस्कारानं चांगला सुरू होत असावा.

हे माझ्यापुरतं राहिलं असतं तर मी आज हसत हसत सांगितलं असतं.

मुलगी आमची एकुलती एक. बोलायची म्हणजे किती, तर नर्स तिला माझ्या हातात द्यायला आली तेव्हा तिनं आधी नर्सला दोन प्रश्न विचारले होते. अंघोळ करताना बोलायची, दात घासताना बोलायची, फेस भिंतीवर उडायचा. कामून असं, कामून तसं. कामून म्हणजे आमच्याकडं का. तिची शाळा नव्या वस्तीत होती. त्या काळात आमच्या बाजूला इमारती अशा उगवत होत्या की सकाळी ड्यूटीवर जाताना खड्डा दिसायचा आणि संध्याकाळी परतताना तिथं पाच मजले आणि गॅलरीत वाळत घातलेले टॉवेल. पाणी मात्र पाचही मजल्यांवर नव्हतं. अशाच एका इमारतीत शाळा भरायची. तिसरीत असताना एकदा ती घरी आली आणि आईला म्हणाली, मी "मपली वही" म्हणाले तर पोरी हसल्या. मपली म्हणजे माझी. तिनं हे सांगितलं तेही तासाभरापूर्वी शाळेत कोणाला ठेच लागली, अशा थाटात. सांगून झालं आणि खेळायला गेली.

लागलं ते मला. त्या पोरींच्या जागी मला हसणारे सगळे कामगार आणि ते मशीन दिसलं.

मी त्याच संध्याकाळी घरात कायदा जाहीर केला. आजपासून या घरात शुद्ध बोलायचं. लई बंद, व्हय बंद, नाय बंद, कामून आणि मपलं तर पूर्ण बंद. मुलांचा अभ्यास घरापासून सुरू होतो, असं काहीतरी मी कुठंतरी ऐकलेलं होतं, आणि मला वाटलं ते हेच. ती तोंड उघडायची, मी टोकायचो. घास तोंडात असताना टोकायचो. ती रडत रडत काही सांगत असली तरी आधी शब्द दुरुस्त करायचो, मग रडण्याचं कारण विचारायचो. कधी कधी कारण विचारायचं राहून जायचं.

त्याच वर्षी आबा आमच्याकडं राहायला आले. गावाकडची विहीर आटली होती आणि मेंढरं चुलत्यानं गोदावरीच्या काठाकडं नेली होती. आबांचे गुडघे एवढी चाल करायला तयार नव्हते. त्यांच्या तोंडात तर ण हे अक्षरच नव्हतं. जन्माला येताना ते कुठंतरी सांडून आले होते. मी त्यांना एक दिवस बाजूला घेतलं आणि म्हणालो, "आबा, पोरीसमोर जरा कमी बोलत जा. तिच्या भाषेवर परिणाम होतो."

"किती कमी?" आबांनी विचारलं.

मी दाराची कडी उगाच वर-खाली केली.

"नायच बोललो तर चालंल का?"

मी म्हणालो, चालेल. हे लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं. आबांनी मान हलवली आणि त्या दिवसापासून माझी ड्यूटी सुटायच्या वेळेला ते चौकातल्या पारावर जाऊन बसू लागले.

चौथीत शाळेनं भाषणाची स्पर्धा ठेवली. दुष्काळ म्हटल्यावर विषय एकच, पाणी वाचवा. मुलीनं नाव दिलं. मला एवढा आनंद झाला की मी भाषण स्वतः लिहायला बसलो. दीड पानाचं भाषण होतं, पण मी कारखान्यात चौदा पानांचं सांगितलं. मग तिला पाठ करून घेऊ लागलो, आणि तिथं माझा शोध कामाला आला. सन्माननीय नाही, सण्माणणीय. नळ नाही, णळ. जीवन नाही, जीवण.

पोरगी हुशार. तिसऱ्या दिवशी ती मराठीचं पुस्तक घेऊन आली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "पप्पा, इथे तर जीवन छापलंय."

आता इथं मला फक्त तीन शब्द बोलायचे होते. मला माहीत नाही. किंवा, मॅडमला विचारून ये. हेही तीनच शब्द. पण ती माझ्याकडं अशी बघत होती की जगातलं सगळं मला माहीत असतं. ती नजर मला सोडवेना. मी म्हणालो, अगं, छापखान्यात ण ला शाई जास्त लागते. बघ की किती वळणाचा आहे. एका ण च्या शाईत तीन न छापून होतात. दुष्काळात सरकारनं काटकसर सांगितली आहे, म्हणून पुस्तकात न छापतात आणि बोलायचं मात्र ण.

ती ण कडं बघत राहिली, मग न कडं. बोटानं दोन्ही गिरवून बघितले. मग मान हलवली. पुस्तक खोटं आणि बाप खरा, असं तिनं ठरवलं. तेवढं ठरवायला तिला अर्धं मिनिट लागलं असेल. मला ते अजून निस्तरता आलेलं नाही.

पुढचे आठ दिवस ती ण म्हणायचा सराव करत होती. शब्दाच्या सुरुवातीला ण म्हणून बघा. जीभ उलटी वळते आणि तिथंच अडकते. ती टँकरच्या रांगेत घागरीवर बसून "णळाला पाणी णाही" म्हणायची, आणि चुकली की आपल्याच कपाळावर टिचकी मारायची.

स्पर्धेच्या दिवशी पालकांना बोलावलं होतं. मी, बायको आणि आबा, तिघंही गेलो. आबांना मी नको म्हणत होतो, पण मुलीनं त्यांचा हात सोडला नाही. मैदानात मांडव होता. तिचं नाव पुकारलं. ती स्टेजवर चढली, दोन्ही हात मागं बांधले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सण्माणणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजण आणि माझ्या बालमित्र-मैत्रिणींणो."

आधी पुढच्या दोन रांगा हसल्या. तिला वाटलं, ऐकू गेलं नाही. म्हणून तिनं पुन्हा, अजून मोठ्यानं सुरुवात केली. मग मांडव हसला. शिक्षकांनी तोंडं फिरवली, पण त्यांच्या पाठी हलत होत्या. ती थांबली नाही. "पाणी हेच जीवण. णळाला पाणी णाही तर माणूस णाही." आणि तिथं तिचा आवाज अडला. तिनं मांडवात मला शोधलं. मी दिसलो. तिला माझ्याकडून फक्त एक खूण पाहिजे होती, की बरोबर आहे, चालू ठेव. किंवा, माझं चुकलं, खाली ये.

मी खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागलो. माझ्या पायात चप्पल होती.

ती भाषण पूर्ण करून उतरली. पूर्ण केलं, हे मी सांगितलंच पाहिजे. मीच तेव्हा तिथं नव्हतो, म्हणजे होतो, पण वाकलेला.

नंतर वर्गशिक्षिकेनं आम्हाला वर्गात बोलावलं. बाई शांत होत्या, हसत नव्हत्या. मुलीला जवळ उभं करून त्यांनी विचारलं, घरी हिचा अभ्यास कोण घेतं.

मी म्हणालो, "आमचे वडील. गावाकडचे आहेत. किती सांगितलं तरी त्यांच्या बोलण्याचा पोरीवर परिणाम होतोच."

आबा माझ्या शेजारी उभे होते. वर्गात पाच माणसं होती आणि त्यातल्या चौघांना खरं माहीत होतं. ज्या म्हाताऱ्यानं जन्मात एकदाही ण म्हटला नाही, त्यानं नातीला ण शिकवला, असं मी म्हणालो होतो. आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"व्हय बाई," ते म्हणाले, "म्याच शिकवलं. मला काय कळतंय."

मुलगी आबांकडं बघत नव्हती, शिक्षिकेकडंही नाही. ती माझ्याकडं बघत होती. मघाशी मांडवात बघत होती तशीच.

चार दिवसांनी आबा गावाकडं निघाले. कारण मेंढरं परत आणायची वेळ झाली, असं सांगितलं. मेंढरं गोदावरीकाठी मजेत होती आणि गावात अजून टँकरच चालू होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी बसमध्ये बसवून दिलं. खिडकीतून त्यांनी फक्त एवढं विचारलं की पोरीचा खोकला गेला का. तिला खोकला झाला होता, हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर मुलगी माझ्याशी बोलायची ती अशी. जेवलीस का? हो. अभ्यास झाला? हो. काही पाहिजे? नाही. सगळं शुद्ध. चूक काढायला जागाच नाही. जे पाहिजे होतं ते मिळालेला माणूस होतो मी. शाळेच्या डायरीत शेरा आला, वर्गात बोलत नाही, विचारलं तरी उत्तर देत नाही. मी तिला हसवायला लागलो. माझ्या ठेवणीतल्या एकेक गोष्टी काढल्या. मी लहानपणी लांडग्याला कानफटात मारली ती, मेंढरावर बसून फुलंब्रीच्या बाजाराला गेलो ती. पूर्वी याच गोष्टींना ती लोळायची आणि म्हणायची, मग लांडगा काय म्हणाला? आता ती ताटाकडं बघत ऐकून घ्यायची, आणि गोष्ट संपली की विचारायची, "मी उठू का?"

बायको एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, तिला आता तुमचं कुठलं खरं आणि कुठलं नाही, ते कळंना झालंय. म्हणून ती काहीच घेत नाही." मी म्हणालो, मोठी झाली की समजेल. बायकोनं भाकरी तव्यावर टाकली ती नेहमीपेक्षा जरा जोरात पडली.

मग एकदा पाणी नाही म्हणून कारखान्यानं दुपारीच सुट्टी दिली. मी घरी आलो. दार लोटलेलं होतं आणि आतून आवाज येत होता. मुलीचा. ती आईला कुठल्याशा मॅडमच्या स्कूटीबद्दल सांगत होती, की ती स्कूटी लई जुनी, सुरूच होईना, मग मॅडमनं तिला कामून गं अशी करतीस म्हणत गोंजारलं, आणि स्कूटी शिंकली, आणि धुराचा एवढा मोठा ढग निघाला की आख्खी शाळा दिसंना, हेडसरला घंटा सापडंना, म्हणून तास संपलाच नाही. आई हसत होती. मुलगी वाढवून सांगत होती. माझ्यापेक्षा चांगलं वाढवत होती. कुठं थांबायचं ते तिला कळत होतं.

मी माझ्याच दाराबाहेर चपला हातात घेऊन उभा होतो. किती वेळ, ते मी सांगणार नाही, कारण कोणी विश्वास ठेवणार नाही. मग दार ढकललं. ती माझ्याकडं वळली, पाय जवळ घेतले आणि म्हणाली, "तुम्ही लवकर आलात."

दुसऱ्या दिवशी मी आधी शाळेत गेलो, कारण परक्या माणसापुढं कबूल करणं सोपं असतं. शिक्षिकेला सगळं सांगितलं. शाईचंही. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्यांनी सावरलं. म्हणाल्या, आजोबांनी शिकवलं नाही हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मी विचारलं, मग आता काय करू, रोज किती तास बसवू तिला. त्या म्हणाल्या, बसवू नका. घरी तिला जसं येतं तसं बोलू द्या, शाळेची भाषा शाळेत येईल, दोन्ही तिच्याच आहेत. ती काही सांगत असेल तेव्हा शेवटपर्यंत ऐका, मध्ये शब्द दुरुस्त करू नका. आणि पालकाला सगळं यावं लागत नाही. तुम्हाला येत नसेल तर तसं सांगा, आणि दोघं मिळून शोधा. मी मान डोलावली. हे ऐकायला मला एवढी वर्षं लागावीत असं त्यात काही अवघड नव्हतं.

संध्याकाळी मी मुलीसमोर खाली बसलो. म्हणालो, ण चं मी चुकीचं शिकवलं. पुस्तक बरोबर होतं. शाईचं मी तिथल्या तिथं रचलं, कारण मला येत नव्हतं आणि तसं म्हणायची लाज वाटली. शाळेत आबांचं नाव घेतलं तेही खोटं. एवढं बोलायला मला घाम फुटला. एका वाक्यातही काही वाढवता येत नव्हतं, हात बांधून पोहल्यासारखं वाटत होतं.

ती बराच वेळ फरशीवर बोट फिरवत होती. मग म्हणाली, "आबांना सांगितलं?"

"आबांना माहीत आहे."

"माहीत आहे ते मला पण माहीत आहे. सांगितलं का?"

रविवारी मी तिला मोटरसायकलवर मागं बसवून गावाकडं निघालो. फुलंब्रीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॉटिंगच्या पाट्या होत्या, कोरड्या वावरांत चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. ती पूर्ण रस्ताभर गप्प होती. आबा चावडीसमोर आणखी चार म्हाताऱ्यांबरोबर टँकरची वाट बघत बसले होते. मी म्हणालो, आबा, जरा बाजूला या. ते म्हणाले, गुडघा दुखायलाय, हितंच बोल. त्यांचा गुडघा दुखत होता हे खरं. पण तेवढ्यासाठी नाही, हेही खरं.

मी चार म्हाताऱ्यांसमोर म्हणालो, "आबा, शाळेत मी तुमचं नाव खोटं घेतलं. शिकवलं होतं मी."

आबांनी कानामागं हात नेला. "काय म्हन्लास?"

आबांना दोन वावरं पलीकडं खोकणारी मेंढी ऐकू यायची. मी पुन्हा म्हणालो, मोठ्यानं. बाकीचे म्हातारे पुढं सरकून बसले.

"वारा लई हाय," आबा म्हणाले. "परत सांग."

वारा नव्हता. झाडाचं पानही हलत नव्हतं. मी तिसऱ्यांदा तोंड उघडलं. डोळ्यांसमोर सगळं पाणीच पाणी झालं, सबंध तालुक्यात त्या दिवशी तेवढंच पाणी असेल. तेव्हा मुलगी माझ्या मागून पुढं आली.

"आबा, तुमाला ऐकू आलंय," ती म्हणाली. "पुरं करा आता. त्याला लई लाज वाटायली."

पावणेचार महिन्यांत ती माझ्या बाजूनं पहिल्यांदा बोलली होती, आणि मला अरेतुरे करून. तिचा एकही शब्द मी दुरुस्त केला नाही. आबांनी हात कानामागून काढला, तिला शेजारी बसायला जागा केली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "वाटू दे की. लाज वाटल्यानं कोनी मरत नाय."

परत येताना मोटरसायकलवर ती सबंध रस्ताभर बोलत होती. आबांनी तिला काय काय सांगितलं, गोदावरीकाठी कुठल्या मेंढीला दोन पिल्लं झाली, एका म्हाताऱ्याला दातच नाहीत तरी तो शेंगा कसा खातो. आता खरोखर वारा सुटला होता आणि मला त्यातलं निम्मं ऐकू येत नव्हतं. परत सांग म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मी गाडी हळू केली.